पोटगी आणि भेट यांचा सौदा करू नका

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय 34 असून लग्नाला 10 वर्षे झाली आहेत. आमचे लग्न हिंदू पद्धतीने झाले. मुलगा 8 वर्षांचा आहे, मुलगी 4 वर्षांची. पहिल्या बाळंतपणानंतर मी नोकरी सोडली. गेले 7 महिने मी दोन्ही मुलांना घेऊन माहेरी, तालुक्याच्या गावी राहते आणि मुलगा इथल्याच शाळेत जातो. मागच्या आठवड्यात यजमानांच्या शहरातील कौटुंबिक न्यायालयाचे समन्स आले. मी क्रूरतेने वागते म्हणून घटस्फोट हवा आणि मला उत्पन्न नाही म्हणून दोन्ही मुलांचा ताबा हवा, असे त्यांनी याचिकेत लिहिले आहे. दुसरीकडे दिरांमार्फत निरोप येतो की संमतीने सही केलीस तर मुले तुझ्याकडेच राहतील, मात्र कोणाचीही पोटगी मागायची नाही. त्यांचा हातात येणारा पगार 62,000 रुपये आहे, वरची कामे वेगळी. माझा भाऊ म्हणतो की पैसे येईपर्यंत मुलांना त्यांना भेटू देऊ नकोस. मुलाने समन्साचा लखोटा पाहिला आणि ‘मला कोर्टात उभे करणार का’ असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. मी काय करावे?

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातील दोन गोष्टी मला सर्वांत जास्त खटकल्या, एक दिरांचा निरोप आणि दुसरी भावाचा सल्ला. एकाला मुले देऊन पैसे वाचवायचे आहेत आणि दुसऱ्याला मुले अडवून पैसे मिळवायचे आहेत, म्हणजे दोघांचीही चूक एकच आहे. मुलांचा ताबा, मुलांची वडिलांशी भेट आणि पोटगी हे न्यायालयापुढे तीन स्वतंत्र विषय असतात आणि त्यांचा निर्णयही स्वतंत्रपणे होतो. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना जी प्रकरणे मी नाहक चिघळलेली पाहिली, त्यांतील बहुतेकांत कोणीतरी या तिघांची एकमेकांशी गाठ मारून ठेवलेली होती. तुम्ही ती गाठ मारू नका आणि दुसऱ्यालाही मारू देऊ नका. पुढे जे लिहिते आहे, ते सगळे या एका विनंतीभोवतीच आहे.

आधी समन्साविषयी. समन्सावरील तारीख कितीही गैरसोयीची असली तरी ती चुकवू नका. पक्षकार हजरच झाला नाही तर न्यायालय प्रकरण एकतर्फी चालवू शकते आणि एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेणे हे मूळ दावा लढवण्यापेक्षा अवघड होऊन बसते. लेखी कैफियत, म्हणजे याचिकेला तुमचे लेखी उत्तर, देण्यासाठी साधारणपणे समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात, कारण दाखवल्यास ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 मधील कलम 13 प्रमाणे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, त्यामुळे वकिलाला परवानगीचा अर्ज द्यावा लागतो, मात्र व्यवहारात अशी परवानगी सहसा मिळते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, नाहीतर तुमच्याच तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ‘आपण काही गरीब नाही’ या संकोचाने अनेक बायका तिथे जात नाहीत आणि मग दागिना मोडून फी भरतात.

त्यांनी आपल्या शहरात दावा लावला म्हणून तुमची बाजू पडती झाली, असे समजू नका. पतीपत्नी शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे घटस्फोटाची याचिका दाखल करता येते, त्यामुळे त्यांनी तिथे जाणे नियमाला धरूनच आहे. मात्र लहान मुलांना घेऊन दर तारखेला तो प्रवास तुम्हाला शक्य नसेल, तर प्रकरण तुमच्या सोयीच्या न्यायालयात वर्ग करण्याचा अर्ज करता येतो. दोन्ही ठिकाणे एकाच राज्यात असतील तर तो उच्च न्यायालयात आणि वेगवेगळ्या राज्यांत असतील तर सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. पोटगीचा स्वतंत्र अर्ज तर तुम्ही सध्या राहता तिथल्याच न्यायालयात देऊ शकता. त्यासाठी त्यांच्या शहरात जाण्याची काहीच गरज नाही.

आता मुलांविषयी, कारण तुमचे सगळे पत्र त्या एका भीतीने भरलेले आहे. आईला उत्पन्न नाही एवढ्या कारणावरून मुलांचा ताबा बापाकडे जात नाही. मुलांच्या खर्चासाठीच तर पोटगीची तरतूद आहे. आईकडे पैसा नसणे हे ताबा नाकारण्याचे कारण मानले, तर त्या तरतुदीला अर्थच उरणार नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये 5 वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे म्हटले आहे, म्हणजे धाकटीबाबत कायद्याचा पहिला कल तुमच्याकडे आहे. थोरल्याबाबत असा आपोआप येणारा कल नाही. त्याच्यासाठी, आणि खरे म्हणजे दोघांसाठीही, कलम 13 महत्त्वाचे आहे. मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार, असे ते कलम सांगते. कोणाचा हक्क मोठा, कोणाची चूक मोठी, हे त्यानंतर येते. सख्ख्या भावंडांची ताटातूट करण्यास न्यायालये सहसा नाखूश असतात, ही बाजूही तुमच्या कैफियतीत मांडली गेली पाहिजे.

मुलाचे हित हा शब्द कागदावर फार मोठा दिसतो, पण न्यायालयात तो बारीकसारीक गोष्टींतून सिद्ध करावा लागतो. सकाळी मुलाला कोण उठवते, त्याला गणितात काय अडते हे कोणाला ठाऊक आहे, मुलीला ताप आला तेव्हा रात्री कोण जागले, लसीकरणाच्या कार्डावर सही कोणाची आहे, शाळेच्या पालकसभेला कोण गेले, घरात त्यांच्याकडे बघायला आणखी कोण आहे, शाळा किती लांब आहे. माझ्या एका अशील बाईंनी सहा वर्षे जपलेली मुलाच्या शाळेची डायरी न्यायालयात दाखल केली होती. जवळजवळ प्रत्येक पानावर पालकाच्या स्वाक्षरीच्या जागी त्यांचीच सही होती आणि दोन ठिकाणी शिक्षिकेने लिहिलेल्या तक्रारीखाली त्यांनी दिलेली साधी, सरळ उत्तरे होती. नवऱ्याच्या निंदेने भरलेल्या चाळीस परिच्छेदांच्या अर्जापेक्षा त्या डायरीचा उपयोग जास्त झाला. तुमच्याकडे असे जे जे असेल ते आजच एका फाइलमध्ये लावा. त्यात शाळेचे प्रगतिपुस्तक, फीच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, नव्या शाळेतील प्रवेशाची कागदपत्रे असावीत. नवी शाळा आणि गाव यांत मुले सात महिन्यांत रुळली असतील तर तेही दाखवता आले पाहिजे, कारण चालू असलेली घडी विनाकारण मोडायला न्यायाधीश तयार होत नाहीत.

मुलाची इच्छाही विचारात घेतली जाते. पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 17 प्रमाणे मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय त्या पसंतीचा विचार करू शकते. त्यासाठी वयाची ठराविक रेघ आखलेली नाही. आठ वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश बोलण्याची शक्यता बरीच असते आणि अशा वेळी ते बहुधा आपल्या दालनात, आईबापांना आणि वकिलांना बाहेर ठेवून बोलतात. मित्र कोण, खेळ कोणता आवडतो, बाबांबरोबर शेवटचे कुठे गेला होतास, असे ते विचारतात. पढवलेले मूल तिथे लगेच ओळखू येते. ‘बाबांनी आईचा मानसिक आणि शारीरिक छळ केला’ असे वाक्य दुसरीतले मूल स्वतःहून बोलत नाही. ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडले की न्यायाधीशांच्या मनात शंका येते ती ते शिकवणाऱ्याविषयी. म्हणून मुलाला काहीही शिकवून पाठवू नका आणि घरातल्या इतर मोठ्या माणसांनाही तसे करू देऊ नका.

ताब्याचा आदेश हा कधीच दगडावरची रेघ नसतो. मुले वाढतात, शाळा बदलते, आईबापांपैकी एकाची बदली होते, आणि परिस्थिती बदलली की आदेशात बदल मागता येतो. त्यामुळे पहिल्याच अंतरिम आदेशात मनाजोगते सगळे मिळाले नाही तरी सगळे संपले असे मानू नका. बाप हाच एकमेव नैसर्गिक पालक, या समजुतीने पासपोर्ट किंवा बँकेच्या कागदांवर कोणी अडवणूक करत असेल, तर 1999 साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय वकिलांना दाखवायला सांगा. बापाच्या हयातीतही, तो मुलाकडे लक्ष देत नसेल किंवा त्याच्यापासून दूर असेल, तर आई नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते, असे त्यात स्पष्ट केले आहे.

आता भावाच्या सल्ल्याविषयी. तो तुमच्या काळजीपोटी बोलतो आहे, यात मला शंका नाही. पण तो सल्ला मानलात तर तुमचेच नुकसान होईल. पोटगी थकली म्हणून भेट बंद करता येत नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. भेट हा मुलाचाही हक्क आहे. 2020 मधील यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला आई आणि वडील दोघांचेही प्रेम मिळण्याचा हक्क आहे असे म्हटले आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा व्हिडिओ कॉलवरील संपर्काचाही विचार करावा असे सांगितले. मुलांना वडिलांपासून काही धोका असेल, दारू पिऊन मारहाण होत असेल, पळवून नेण्याची भीती असेल, तर ती गोष्ट अर्जात लिहून कोणाच्या तरी देखरेखीखाली भेट मागावी. तसे काही नसताना केवळ पैशासाठी भेट अडवणारी आई न्यायालयाला मुलांच्या हिताआड येणारी आई वाटू लागते, आणि ताब्याच्या लढाईत तुम्हाला तेच टाळायचे आहे.

उलट, आदेश येण्याची वाट न पाहता तुमच्याकडूनच भेटीचा वेळापत्रकासह प्रस्ताव द्या. महिन्यातले दोन रविवार, सकाळी अमुक वाजल्यापासून संध्याकाळी तमुक वाजेपर्यंत, आठवड्यातून दोनदा ठरावीक वेळेला व्हिडिओ कॉल आणि शाळेच्या मोठ्या सुट्टीतले काही दिवस, असे लेखी लिहा आणि मोबाइलवर पाठवून त्याची प्रत जपून ठेवा. दोघांमध्ये तेवढाही विश्वास उरला नसेल तर न्यायालयाच्या आवारात भेट ठेवता येते. मोठ्या शहरांतील कौटुंबिक न्यायालयांत त्यासाठी मुलांची खोली असते. तिथला एक प्रसंग मी विसरू शकलेले नाही. पाच-सहा वर्षांची एक मुलगी बापाला भेटायला आत गेली आणि पाठीवरचे दप्तर काढायलाच तयार होईना. तासभर ती दप्तर पाठीला घेऊनच चित्रे रंगवत बसली. नंतर समुपदेशक बाईंनी हळूच विचारले तेव्हा कळले, दप्तर काढले तर आईला वाटेल मला इथे आवडले. त्या आईने तिला तसे सांगितले नव्हते. निघताना आईचा चेहरा मात्र तिने पाहिला होता. पुढच्या वेळी आईने स्वतः दप्तर घरी ठेवले, दारात तिच्या हातात रंगपेटी दिली आणि ‘बाबांना दाखव’ म्हणाली. दीड-दोन महिन्यांत भेटी न्यायालयाबाहेर हलल्या.

पोटगीच्या बाबतीत तुम्ही सात महिने गमावले आहेत, आणखी एक महिनाही गमावू नका. घाई करा असे म्हणते आहे त्याला कारण आहे. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितले की पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यावी. निकालाला वर्ष लागले तरी ते वर्ष हिशेबात धरले जाते, पण अर्ज करण्याआधी घालवलेला काळ धरला जात नाही. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. त्यांच्याच घटस्फोटाच्या याचिकेत हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो, आणि मुलांचा खर्च कलम 26 खाली. दुसरी वाट म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे पूर्वीचे कलम 125, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले आहे. ते सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे आणि तुमच्या तालुक्यातील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याखाली अर्ज देता येईल. दोन्हीकडे अर्ज करण्यास बंदी नाही, मात्र एका ठिकाणचा अर्ज किंवा आदेश दुसऱ्या ठिकाणी उघड करावाच लागतो आणि एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे विचारात घेतली जाते. अंतरिम पोटगीचा निर्णय शक्यतो नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून जास्त काळ जातो, म्हणून पहिल्याच तारखेला अर्ज हातात तयार असला पाहिजे.

त्याच निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले आहे. तुमच्या प्रकरणाचा खरा कणा हे शपथपत्र असेल. त्यात उत्पन्न, बँक खाती, मुदत ठेवी, दागिने, कर्जे, घरभाडे, मुलांची फी, औषधपाणी, प्रवास असे रकाने असतात. खर्चाचे आकडे अंदाजाने गोल करून लिहू नका. शाळेच्या पावतीवर जो आकडा आहे तोच लिहा आणि पावती मागे जोडा. तुमच्या नावावर एखादी ठेव असेल, घरी दोन मुलांच्या शिकवण्या घेत असाल, तर तेही लिहा. शपथपत्रातली लपवाछपवी उलटतपासणीत बाहेर आली की नंतर खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसेनासा होतो, आणि खोट्या शपथपत्राबद्दल स्वतंत्र कारवाई होऊ शकते ती वेगळीच. सत्य लिहिल्याने तुमची पोटगी बुडणार नाही. कमावण्याची पात्रता असणे आणि प्रत्यक्ष कमावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे, आणि मुलांसाठी नोकरी सोडली ही गोष्ट तर तुमच्या बाजूने विचारात घ्यायची असते.

रक्कम किती, याचे ठरावीक सूत्र नाही. 2017 मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम पत्नीसाठी योग्य ठरेल असे म्हटले होते आणि तेव्हापासून तो आकडा सगळीकडे ऐकू येतो. त्या हिशेबाने 62,000 चे 15,500 रुपये होतात. पण हा नियम नाही. दोघांचे राहणीमान, गरजा, जबाबदाऱ्या आणि मुलांची संख्या पाहून रक्कम कमी-जास्त होते, आणि मुलांचा खर्च पत्नीच्या रकमेत गडप होऊ नये म्हणून तो अर्जात वेगळा मागा. वरच्या कामांचे उत्पन्न सिद्ध करणे तुमच्या हातात पूर्णपणे नसले तरी त्यांच्या बँक खात्याचे उतारे आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे हजर करण्याचा आदेश मागता येतो. पगारातून जाणारा प्रत्येक हप्ता वजा करून उरेल ते उत्पन्न, असेही न्यायालय मानत नाही. स्वतःहून काढलेल्या कर्जाचा हप्ता हा पत्नी-मुलांच्या पोटगीच्या आधी येत नाही. आदेशानंतरही पैसे आले नाहीत तर कलम 144 खालच्या आदेशासाठी वसुली अर्ज करावा लागतो. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही. हा वसुली अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, ही मुदत वहीत लिहून ठेवा, कारण ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणता म्हणता ती निघून जाते.

दिरांच्या निरोपाला आता उत्तर देणे सोपे आहे. पहिली गोष्ट, परस्पर संमतीने घटस्फोटासाठी हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 13-ब प्रमाणे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. तुम्हाला सातच महिने झाले आहेत, म्हणजे आज ती याचिका दाखलच होत नाही. मग ही घाई कशासाठी, हे त्यांनाच विचारा. याचिकेनंतरही सहसा सहा महिन्यांचा अवधी असतो. 2017 च्या अमरदीप सिंग प्रकरणानंतर योग्य परिस्थितीत न्यायालय तो माफ करू शकते, पण तोपर्यंत आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते. दुसरी गोष्ट, मुलांची पोटगी हा मुलांचा हक्क आहे. आईने सही करून तो सोडून द्यावा असे तिला करता येत नाही, आणि तसे लिहून दिले तरी मुलांच्या नावाने पुढे मागणी करता येते. तिसरी गोष्ट मी हात जोडून सांगते. स्टॅम्प पेपरवर दोघांच्या आणि चार साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून घटस्फोट होत नाही. तुमच्यासारख्यांचा घटस्फोट फक्त न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होतो. अशा कागदावर पुन्हा लग्न करून बसलेली माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

संमतीचा मार्ग मुळातच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. अटी न्याय्य असतील तर तो सर्वांत कमी जखमा करणारा मार्ग आहे. पण संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसते, म्हणून अटी आधी वकिलाला दाखवा. मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, शिक्षणाचा आणि आजारपणाचा खर्च कोण किती उचलणार, तुमचे स्त्रीधन कधी आणि कसे परत मिळणार, हे सगळे तारखांसह त्यात लिहिलेले असावे. तुम्ही संमती दिली नाहीत तर त्यांना क्रूरता पुराव्यानिशी सिद्ध करावी लागेल. आमचे आता पटतच नाही, एवढ्या कारणावर कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही. तो विशेषाधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, हे मे 2023 मध्ये स्पष्ट झाले आहे. आणि उद्या त्यांना घटस्फोट मिळालाच, तरी केवळ त्यामुळे तुमचा आणि मुलांचा पोटगीचा हक्क संपत नाही.

सुरुवातीच्या तारखांमध्ये तुम्हा दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाईल, कारण तडजोडीचा प्रयत्न करणे हे कौटुंबिक न्यायालयाचे कर्तव्य आहे. अनेकींना वाटते की तिथे आपल्याला समजावून सासरी परत पाठवतील. तसे बंधन कोणावरही नाही. तिथे झालेले बोलणे गोपनीय असते, ते तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जात नाही, आणि समोरासमोर बसणे नको वाटत असेल तर वेगवेगळे बोलण्याची विनंती करता येते. भेटीच्या वेळापत्रकावर, शाळेच्या खर्चावर माणसे तिथे सहमत होतात आणि उरलेला वाद लहान होतो. तुम्ही पत्रात मारहाणीचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मी कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात शिरत नाही. तसे काही घडले असेल तर ते समुपदेशकांना आणि वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा, आणि घडले असेल तेवढेच सांगा. कैफियतीला वजन यावे म्हणून दोन आरोप वाढवून लिहायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

आता मुलाचा प्रश्न. मी त्याचे उत्तर शेवटी ठेवले, कारण आधी तुम्हाला स्वतःला धीर यायला हवा होता. आज रात्री तो झोपायच्या आधी त्याला सांगा की तुला कोर्टात कोणीही उभे करणार नाही. कदाचित एक न्यायाधीश तुझ्याशी त्यांच्या खोलीत बसून बोलतील, शाळेचे, मित्रांचे विचारतील आणि तुला जे वाटते ते तू त्यांना सांगायचे. आईला काय आवडेल याचा विचार तिथे करायचा नाही आणि बाबांना काय आवडेल याचाही नाही. बाबांशी बोलावेसे वाटत असेल तर आत्ता फोन लावू, असेही त्याला विचारा, आणि तो हो म्हणाला तर खरोखर फोन लावून द्या.